शरमेचे दहा हजार

घरफोडी झालेल्या घरी अजूनही माणसे जमतात. शेजारीण चहा करून आणते, कुणी पोलीस चौकीत सोबत येतो, कुणी उचकटलेला कडीकोयंडा वाकून पाहतो. चोराला चार शिव्या पडतात आणि घरमालकाला धीर मिळतो. ‘कुलूप साधंच होतं का हो?’ असे कुणी विचारलेच, तर बाकीचे त्याला डोळ्यांनी गप्प करतात. त्याच घरमालकाच्या क्रेडिट कार्डावरून रातोरात साठ हजार रुपये गेले, तर मात्र चहा येत नाही. प्रश्न येतो : ‘ओटीपी सांगितलात का?’ बँकेत हाच प्रश्न, पोलीस ठाण्यात हाच आणि रात्री जेवणाच्या ताटावरही हाच. चोर कोण, हा प्रश्न त्यानंतर येतो. पुष्कळदा येतच नाही.

२४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन. १९८६ मध्ये याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. त्याच्या बारा वर्षे आधी, १९७४ मध्ये, बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले होते. पाठोपाठ १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. त्या पिढीने मराठी ग्राहकाला एक साधी गोष्ट शिकवली. माप कमी भरले तर दोष तराजू धरणाऱ्याचा. दुकानात चार माणसांसमोर ‘पुन्हा वजन करा’ म्हणायला लाजायचे नाही. डाळीत खडे निघाले, तेलात भेसळ निघाली, तर ‘मीच नीट पाहून घ्यायला हवं होतं’ असे म्हणत घरी जायचे नाही. तक्रार करणारा गिऱ्हाईक कटकट्या असतो, ही समजूत मोडायला त्या माणसांची उमर गेली. आज तराजूच्या जागी प्लास्टिकचे कार्ड आणि हातातला फोन आला आहे. लाज मात्र मागच्या दाराने घरात परत आली आहे.

ती कशी आली, हे एका अर्जावरून समजेल. आमच्या परिचयातले एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. तालुक्याच्या गावी तीस वर्षे गणित शिकवलेले, हिशेबाला चोख. एका शुक्रवारी रात्री अकराच्या सुमारास त्यांच्या फोनवर संदेश आला : क्रेडिट कार्डावर एका परदेशी संकेतस्थळावर ६३ हजार ४०० रुपयांचा व्यवहार झाला. फोन आला नव्हता, ओटीपी आला नव्हता, कोणती लिंक उघडली नव्हती. सरांनी संदेश दोनदा वाचला आणि फोन उशीखाली ठेवला. पत्नीला सांगितले नाही, कारण ती रात्रभर जागी राहिली असती. मुलीला सांगितले नाही, कारण ते जावयांच्या कानावर गेले असते. दीड वर्षापूर्वी मुलीकडे सिंगापूरला जाताना कार्डाची परदेशी व्यवहारांची सोय त्यांनी सुरू केली होती आणि परतल्यावर बंद करायची राहून गेली होती. एवढ्यावरून त्यांनी स्वतःला दोषी ठरवून टाकले. दुसरा दिवस चौथ्या शनिवारचा, मग रविवार. पुढचा आठवडा ‘उद्या जाऊ’ म्हणण्यात गेला. आठव्या दिवशी, शनिवारी, ते शाखेत पोहोचले.

अर्ज त्यांनी घरूनच लिहून नेला होता. फुलस्केप कागद, उजव्या कोपऱ्यात दिनांक, ‘प्रति, मा. शाखाधिकारी’, खाली विषय अधोरेखित. ‘महोदय’ नंतरचे पहिलेच वाक्य असे होते : ‘माझ्या हलगर्जीपणामुळे माझ्या क्रेडिट कार्डाचा गैरवापर झाला आहे, तरी क्षमस्व.’ काउंटरपलीकडच्या तरुण अधिकारी बाईंनी ते वाचले आणि कागद परत सरकवला. ‘सर, हे पहिलं वाक्य कुणी सांगितलं लिहायला?’ ‘कुणी नाही. मीच.’ ‘मग खोडा ते.’

त्या बाईंनी सरांवर केवढा उपकार केला, हे समजायला रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक वाचावे लागते. ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत नुकसान कुणी सोसायचे, याची वाटणी त्यात करून दिली आहे. चूक बँकेची असेल तर ग्राहकाचे दायित्व शून्य, मग त्याने तक्रार केलेली असो वा नसो. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, कार्डाची माहिती मधल्याच कुठल्या यंत्रणेतून फुटली आहे, अशा वेळी बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले तर दायित्व शून्यच. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवले तर ठराविक मर्यादेपर्यंतचा भार ग्राहकाचा : साध्या बचत खात्याला आणि पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डाला एका व्यवहारामागे १० हजार रुपये, त्याहून मोठ्या मर्यादेच्या कार्डाला २५ हजार. सात दिवस उलटले की बँकेच्या संचालक मंडळाने मंजूर केलेल्या धोरणावर सारे अवलंबून. ओटीपी किंवा पिन ग्राहकाने स्वतः सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. कळवल्यानंतर एक रुपया जरी गेला तरी तो बँकेचा.

याच परिपत्रकातली दोन वाक्ये खरे तर प्रत्येक शाखेच्या दारावर मराठीत रंगवून ठेवायला हवीत. तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेने वादातली रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची आणि नव्वद दिवसांत प्रकरणाचा निकाल लावायचा, हे एक. ग्राहक दोषी आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची, हे दुसरे. म्हणजे ‘ओटीपी सांगितलात का?’ या प्रश्नाचे उत्तर पुराव्यानिशी शोधायचे काम प्रश्न विचारणाऱ्याचेच आहे. सरांनी मात्र स्वतःच्या सुंदर अक्षरात, स्वतःच्या सहीने, बँकेच्या वाट्याचे ते काम आधीच करून ठेवले होते.

त्यांचा निकाल यथावकाश लागला. शुक्रवारच्या रात्रीपासून कामकाजाचे दिवस मोजले, तर तक्रारीचा शनिवार सहावा दिवस ठरला. बुधवारपर्यंत कळवले असते तर पूर्ण रक्कम परत मिळाली असती. नियमाप्रमाणे १० हजार वजा झाले आणि ५३ हजार ४०० रुपये परत आले. गणिताच्या मास्तरांनी हिशेब चटकन मांडला : ‘पहिले तीन दिवस फुकट होते हो. पुढच्या तीन दिवसांचे दहा हजार.’ चोराने नेलेल्या पैशांचा हा हिशेब नव्हता. तो गप्प बसण्याचा हिशेब होता, आणि नियमाने त्याची किंमत रुपयांत लिहूनच ठेवली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. या गुन्ह्यात मूठ जितकी झाकून ठेवावी तितकी ती रिकामी होत जाते.

ही लाज आभाळातून पडलेली नाही. गेली काही वर्षे सावधगिरीचा जो उपदेश आपल्या कानावर आदळतो आहे, तो पुन्हा आठवून पाहा. ओटीपी सांगू नका, लिंक उघडू नका, अनोळखी अॅप घेऊ नका, पिन लिहून ठेवू नका. फोन लावला की पलीकडची घंटा वाजण्याआधी हाच उपदेश ऐकू येत असे. एकेक सूचना बरोबर आहे. पण सगळ्या मिळून एकच गोष्ट मनावर ठसवतात : पैसे गेले म्हणजे तू यातले काहीतरी केले असणार. ‘काय करू नये’ याच्या घोषणा भिंतीभर आणि ‘झाल्यावर किती तासांत काय करावे’ हे मात्र कुठल्यातरी पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात. जागृती झाली खरी. ती जितकी चोराबद्दल झाली, त्याहून जास्त स्वतःच्या मूर्खपणाबद्दल झाली.

हाच निकष आपण संस्थांना लावत नाही. पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ सालची, शतक पाहिलेली. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत तिच्यातून ९४ कोटींहून अधिक रुपये लुटले गेले. बनावट कार्डे वापरून २८ देशांतल्या एटीएममधून रोकड निघाली, उरलेली रक्कम हाँगकाँगच्या एका खात्यात वळवली गेली. एटीएमकडून आलेली विनंती खरी की खोटी, हे बँकेची यंत्रणा ठरवते. चोरांनी त्या यंत्रणेच्या जागी आपलीच होकार देणारी यंत्रणा बसवली होती. ही बातमी आली तेव्हा बँकेला कुणी ‘भोळी’ म्हटले नाही, ‘एवढं कळत नाही का?’ असे कुणी विचारले नाही. सगळ्यांनी त्याला सायबर हल्ला म्हटले, आणि ते योग्यच होते. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने त्यातल्या ११ जणांना दोषी ठरवले. मग मुख्याध्यापकांच्या कार्डावर होतो तो हल्ला नसून हलगर्जीपणा कसा? तज्ज्ञांची फौज बाळगणारी संस्था फसते तेव्हा चोर हुशार असतो; सत्तरीचा माणूस फसतो तेव्हा तो माणूस मूर्ख असतो. हा न्याय तपासून पाहायला हवा.

याचा अर्थ ग्राहक नेहमी निर्दोष असतो, असे नव्हे. बक्षिसाचे गुण आज रात्री संपणार म्हणून घाईघाईने ओटीपी वाचून दाखवणारे आहेत, पार्सल अडकले म्हणून पाच रुपये भरायला जाऊन कार्डाचा पूर्ण तपशील देणारे आहेत. खोटी तक्रार करून बँकेलाच गंडा घालणारेही सापडतात, म्हणून बँकांनी तपासणी करण्यात गैर काही नाही. पण ग्राहकाची चूक निघाली की बाकी सगळ्यांची सुटका झाली, हा जो सोयीचा समज आहे तो कायद्याला मान्य नाही. राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली न्यायनिर्णय अधिकारी असतात आणि पाच कोटींपर्यंतचे नुकसानभरपाईचे दावे त्यांच्यापुढे चालतात, हे पुष्कळ वकिलांनाही ठाऊक नसते. २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या सचिवांपुढे पुण्याच्या एका उद्योजकाचे असेच प्रकरण आले. बनावट ई-मेलला उत्तर दिल्याने त्यांच्या खात्यातून ८० लाखांवर रक्कम गेली होती. ई-मेलला उत्तर देणे ही त्यांची चूक होतीच. पण पैसे ज्या खात्यांत गेले, ती खाती उघडताना बँकेने पुरेशी खातरजमा केली नव्हती. निकालात नुकसानीची वाटणी झाली आणि ४५ लाख रुपये बँकेने द्यावेत, असा आदेश निघाला.

अगदी अलीकडचे, जानेवारी २०२५ मधले उदाहरण सर्वोच्च न्यायालयाचे आहे. आसामातल्या एका ग्राहकाला ऑनलाइन घेतलेली वस्तू परत करायची होती. कंपनीचा माणूस असल्याचे भासवणाऱ्याने त्याला एक अॅप घ्यायला लावले आणि खात्यातून ९४ हजार रुपये गेले. त्याने चोवीस तासांच्या आत बँकेला कळवले. बँक देशातली सर्वांत मोठी. तिचे म्हणणे, चूक ग्राहकाची. गुवाहाटी उच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. ग्राहकांनीही दक्ष राहावे, हे न्यायालयाने सुनावलेच. पण त्या ग्राहकाच्या बाजूने सर्वांत ठळकपणे काय उभे राहिले असेल, तर त्याने दवडला नाही तो वेळ. त्याला लाज वाटली नसेल असे नाही. ती वाटून घेण्याआधी त्याने बँकेला कळवले, एवढेच.

पैशांची चोरी निदान त्याच रात्री संदेशातून कळते. ओळखीची चोरी वर्षभर कळत नाही. तिची मुळे आपल्या झेरॉक्सच्या दुकानात आहेत. सिम घ्या, झेरॉक्स द्या. भाड्याने खोली घ्या, झेरॉक्स द्या. लॉजवर एक रात्र राहा, झेरॉक्स द्या. आधारची पुढची-मागची बाजू आणि पॅन एकाच पानावर, खाली सही. त्या कागदाचे पुढे काय होते, हे आपण कधी विचारलेले नाही. भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाच्या एका कार्यालयाने २७ मे २०२२ रोजी पत्रक काढून सांगितले, आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, तिचा गैरवापर होऊ शकतो. गहजब झाला. ‘इतकी वर्षे मागत कोण होते?’ असे लोकांनी विचारले. चुकीचा अर्थ लावला जाऊ शकतो म्हणून दोन दिवसांत ते पत्रक मागे घेतले गेले आणि नागरिकांना नेहमीची सावधगिरी बाळगायला सांगितले गेले. ही नेहमीची सावधगिरी म्हणजे नेमके काय, ते लॉजच्या काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाने रात्री अकरा वाजता ठरवायचे.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये अभिनेता राजकुमार राव याने जाहीरपणे सांगितले की त्याच्या पॅनवर कुणीतरी अडीच हजारांचे कर्ज काढले आहे आणि त्यामुळे त्याचा सिबिल स्कोअर घसरला आहे. रक्कम पाहा, अडीच हजार. ज्याचा चेहरा सारा देश ओळखतो त्याची ओळख चोरीला जाते आणि कर्ज देणाऱ्याला शंकासुद्धा येत नाही, कारण चेहरा कुणी पाहतच नाही. पाहतात ते दहा अक्षरे-आकड्यांचा क्रमांक.

अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मधला लखोबा लोखंडे न्यायालयात उभा राहून आपली बाकीची सगळी नावे आणि सगळी रूपे नाकारतो. १९६२ पासून मराठी प्रेक्षक त्या निर्ढावलेपणाला टाळ्या देत आला. प्रभाकर पणशीकरांनी एकाच नाटकात पाच सोंगे उभी केली, ती या नकारातल्या मजेसाठी. आज नाटक तेच आहे, वाक्य मात्र दुसऱ्याच्या तोंडी गेले आहे. ‘तो मी नव्हेच’ हे आता ठकसेन म्हणत नाही. ज्याचे नाव वापरले गेले, तो वसुलीच्या फोनवर, बँकेच्या काउंटरवर, पतमापन संस्थेच्या तक्रार अर्जात घसा कोरडा होईपर्यंत हेच म्हणत राहतो, आणि समोरचा त्याच्याकडे लखोबाकडे पाहावे तसे पाहतो.

त्याला आधार नाही असे नाही. देशात सिबिल धरून चार पतमापन संस्था आहेत. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण पतअहवाल फुकट मिळण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. चार संस्था आणि बारा महिने. तीन-तीन महिन्यांनी एकेक अहवाल मागवला, तरी वर्षभर आपल्या नावावर पहारा राहतो. अहवालात न घेतलेले कर्ज किंवा न मागितलेले कार्ड दिसले, तर तक्रार करायची. तीस दिवसांत ती सुटली नाही, तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. न मागता कार्ड गळ्यात मारले असेल आणि त्यावर आकारणी केली असेल, तर ती आकारणी रद्द करून तिच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा, असे रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे निर्देश आहेत. दुसऱ्याची ओळख कपटाने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत, हे दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’वर घरबसल्या दिसते. आधारचे शेवटचे चारच आकडे दाखवणारी प्रत काढता येते आणि बोटांचे ठसे कुलूपबंदही करता येतात. या सगळ्या सोयी आहेत. त्या वापरायला आधी एक गोष्ट मनाला पटावी लागते : आपण आरोपी नाही, फिर्यादी आहोत.

आणि फिर्यादीने घड्याळ बघायचे असते. कार्डावर अनोळखी व्यवहाराचा संदेश आला, की पहिले काम अॅपमधून किंवा बँकेच्या मदत क्रमांकावरून कार्ड बंद करण्याचे. हा क्रमांक कार्डाच्या पाठीमागे छापलेला असतो, गूगलवर शोधायचा नसतो, कारण तिथे चोरांनीही आपले क्रमांक पेरलेले असतात. बँकेकडून तक्रार क्रमांक आणि वेळ लेखी मिळायलाच हवी, तसा नियम आहे. लगेच १९३० हा सायबर गुन्ह्यांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक. चोरीचा पैसा एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून चौथ्या खात्यात तासाभरात पळतो. तो वाटेतच गोठवण्यासाठी २०२१ पासून ही व्यवस्था उभी आहे आणि पैसा एटीएमबाहेर पडला की तिचे हात बांधले जातात. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, मग पोलीस ठाणे. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ असे म्हणण्याची सोय नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने ठेवलेली नाही. बँकेने तीस दिवसांत समाधान केले नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. २०१९ च्या ग्राहक कायद्याने आता आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. बँकेचे मुख्यालय मुंबईत असले तरी नांदेडच्या माणसाला मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. फोनचा सिग्नल अचानक गेला आणि तासाभरात आला नाही, तर कंपनीकडे चौकशी करायची. आपल्या क्रमांकाचे दुसरे सिम कुणी काढले असण्याची ती खूण असते. कार्डावरचे ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून होणारे व्यवहार हवे तेव्हा चालू-बंद करण्याची कळ ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येकाच्या हाती आहे. रात्री गॅसचा कॉक बंद करतो तितक्या सवयीने ती बंद व्हायला हवी.

ग्राहकाने एवढे केले, तर समोरच्यांनीही काही करायला हवे. बँकांनी तक्रारीचा पहिला प्रश्न बदलावा. ‘ओटीपी सांगितलात का?’ याऐवजी ‘संदेश किती वाजता आला?’ असे विचारावे. त्यात नियमातले दिवस मोजायला लागणारी माहितीही मिळते आणि समोरच्याची मानही ताठ राहते. व्यवहाराच्या संदेशाला उत्तर देऊन जागच्या जागी तक्रार करता यावी, असे २०१७ च्या परिपत्रकातच सांगितले आहे; ती सोय किती शाखांच्या किती ग्राहकांना माहीत आहे, हे बँकांनी ग्राहक दिनी स्वतःला विचारावे. पोलिसांनी तक्रारदाराला बाकावर दोन तास बसवून ‘शिकलेली माणसं तुम्ही’ असे ऐकवणे थांबवावे. त्या दोन तासांत पैसा चार खाती ओलांडतो. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कायद्यातल्या दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. झेरॉक्सच्या ढिगावर बसलेल्या प्रत्येक कार्यालयाला तो कायदा ठाऊक व्हायला हवा, आणि ढिगातले जुने कागद फाडण्याची वेळ आली आहे हेही.

पण यातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड काम घरातले आहे. वडिलांच्या फोनवर असा संदेश आला, तर त्यांनी तो उशीखाली ठेवू नये, असे घर आपण त्यांना दिले आहे का? ‘बाबा, तुम्हाला शंभर वेळा सांगितलं होतं’ हे वाक्य एकदा ऐकलेला माणूस पुढच्या वेळी आठ दिवस गप्प बसतो. मुलांनी, सुनांनी, जावयांनी घरी आजच एकदा सांगून टाकावे : पैसे गेले तर आधी आम्हाला उठवा, रात्रीचे दोन वाजले तरी चालेल. चूक कुणाची, ते सकाळी चहा पिताना बघू.

मुख्याध्यापक सरांनी त्या शनिवारी शाखेतच बसून नवा कागद मागून घेतला आणि अर्ज पुन्हा लिहिला. पहिले वाक्य आता असे होते : ‘माझ्या क्रेडिट कार्डावर माझ्या संमतीशिवाय व्यवहार झाला आहे, तरी नियमाप्रमाणे कारवाई व्हावी.’ हलगर्जीपणा गेला, क्षमस्व गेले. शेवटी सहीच्या वर, जन्मभराच्या सवयीने लिहिलेले दोन शब्द होते, ‘आपला विश्वासू’. ते मात्र त्यांनी तसेच ठेवले.